कडी

पहिल्या शनिवारी मी सांगितलं,
आज काही बनवायचं नाही.
पुढच्या वेळी येताना प्रत्येकाने एक तक्रार आणा.
सातवी ब नुसती बघत राहिली.
तक्रार करू नये, हे त्यांना बालवाडीपासून पाठ.
आणि हा कोण, खिशात स्टीलची पट्टी खोचलेला म्हातारा,
तक्रार मागणारा?

मी त्यांना सांगितलं नाही
की वागळे इस्टेटच्या टूलरूममध्ये एकवीस वर्षं
दुसऱ्याच्या ड्रॉइंगबरहुकूम लोखंड कापलं,
सुतासारखं सरळ, एका सुताची तक्रार न करता,
आणि एका सोमवारी गेटला कुलूप होतं.
आता तिथे काचेची इमारत आहे.
वॉचमन विचारतो, कोणाला भेटायचंय?

पुढच्या शनिवारी वह्या भरून आल्या.
मंथनच्या आजोबांची गोळी,
अर्धी करायला जावं तर अर्धी पलंगाखाली.
शिफाच्या डब्यातलं तेल,
इतिहासाच्या पुस्तकात थेट पानिपतापर्यंत झिरपलेलं.
दुर्गेशने लिहिलं : मला काही तक्रार नाही.
(ते मी दोनदा वाचलं.)
आणि शेवटच्या बाकावरून आश्लेषा साळवी :
आमच्या दाराची कडी वाजते.

किसननगर, दहा बाय बाराची खोली.
वडील रात्रपाळीला, पॉवर प्रेसवर,
रात्रभर कानात धाड्, धाड्, धाड्.
सकाळी येऊन झोपतात.
आई कामाला जाताना बाहेरून कडी लावते,
दुपारी ही शाळेतून येऊन काढते :
खण्ण.
ते ओरडत नाहीत. कूस बदलतात.
ती कूस तिला सहन होत नाही.

मग बत्तीस मुलांनी एक कडी पाहिली.
कोयंड्यात किती सैल? दीड सूत.
आवाज कडीचा की दाराचा? कान लावा.
दार पत्र्याचं, आत पोकळ,
म्हणजे सर, हा तर ढोल!
सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावला : कडी अडकली.
मेण : उन्हात वितळून उंबऱ्यावर.
चपलेचा पट्टा तीन दिवस टिकला, मग कोणी उपटून नेला.
उत्तर मला येत होतं, पहिल्या दिवसापासून.
हात खिशात घालून उभा राहिलो,
पट्टीची कड बोटांना लागत होती.

सातव्या खेपेला तिने आणला
जांभळी नाक्यावर पेटी दुरुस्त करणाऱ्याने दिलेला
फेल्टचा तुकडा,
सुरांच्या पट्ट्यांखाली असतो तो.
कडी लागली. निघाली. पुन्हा लागली.
कोणी टाळी वाजवली नाही,
काही झाल्याचं कळलंच नव्हतं.

प्रदर्शनात तिच्या एका बाजूला सिरिंजचा जेसीबी,
दुसऱ्या बाजूला बोलणारा कचऱ्याचा डबा.
परीक्षकांनी कडी हलवली, पुन्हा हलवली.
"हे करतं काय?"
"आवाज करत नाही."
त्यांनी कागदावर काहीतरी छोटंसं लिहिलं
आणि डब्यात कागदाचा बोळा टाकला.
डबा म्हणाला, धन्यवाद.

नंतरच्या शनिवारी ती आली
ती कडी वर्तमानपत्रात गुंडाळून.
"सर, बाबांना आता झोपच लागत नाही.
कडी वाजली की मी घरी आले,
हे त्यांना झोपेतच कळायचं.
आता बारा वाजल्यापासून उठून बसतात,
दाराकडे बघत."

हे मला येत नव्हतं.
एकवीस वर्षांत एकाही ड्रॉइंगवर
असलं माप दिलेलं नव्हतं.

तिने वही उघडली.
जुनी तक्रार खोडली नाही, तिच्याखाली लिहिलं :
कडी वाजली पाहिजे. कळण्यापुरती.

तेवढ्यात दुर्गेश उठला,
त्याच्या बाकावरून तिच्या बाकापर्यंत आला,
फेल्ट नखाने उचकटत म्हणाला,
"अर्धाच लावून बघायचा?"

मी हात खिशात घातले.